वस्तीत मुलांना न्यायचं तर कशासाठी? ‘फरीथी फॉर्म?’ हे आता ऐकवत नाही

दांडियाबझारकर

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो आणि एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, माझ्याकडे आहे. इथे आरोग्य क्षेत्रातली बरीच माणसं वावरतात म्हणून विचारतो.

विश्वामित्रीच्या काठाला एक वस्ती आमच्या कॉलेजने ‘घेतलेली’ आहे. निम्मे लोक दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडचे, रोज सकाळी कडियानाक्यावर उभे राहून बांधकामावर जाणारे. बाकीचे इथलेच. कुणी भंगार वेचतं, कुणी घरकाम करतं, कुणाची भाजीची लारी. दरवर्षी आम्ही तिथे ‘आरोग्यातील विषमता’ या नावाखाली सर्व्हे करतो. चार पानी फॉर्म. घरात माणसं किती, संडास आहे का, पाणी कुठून भरता, गेल्या महिन्यात आजारी कोण होतं. मुलं भरतात, टक्केवारी काढतात, रंगीत चार्ट लावतात, स्पायरल बाइंडिंग होतं आणि अहवाल कपाटात जातो. कपाट भरलंय.

यंदा एका बाईने भाकरी थापता थापता विचारलं, ‘फरीथी फॉर्म? गया वरसे पण लखी गया’ता ने, एनुं शुं थयुं?’ (पुन्हा फॉर्म? गेल्या वर्षीही लिहून गेलात ना, त्याचं काय झालं?) माझी टीवायची विद्यार्थिनी गप्प झाली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी काहीतरी ‘ऊपर रिपोर्ट गयो छे’ असं बोललो. वर म्हणजे कुठे, हे तिने विचारलं नाही हे नशीब.

मुलं निगरगट्ट आहेत असं कुणी म्हणू नये म्हणून हेही सांगतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात याच वस्तीत छपरापर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर मी कुणाला बोलावलं नव्हतं, तरी पोरं आली. चिखल उपसला, गाद्या बाहेर ओढल्या, कुणाचं रेशनकार्ड, कुणाचं मुलाच्या लसींचं ममता कार्ड दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं. तेव्हा एकानेही ‘सर, तास लागतील ना?’ विचारलं नाही. आणि डिसेंबरच्या सात दिवसांच्या शिबिरात हीच पोरं हजेरीच्या वहीकडे डोळा ठेवून असतात.

तर प्रश्न असा. बी.ए., बी.कॉम.ची मुलं, ना डॉक्टर ना नर्स, आठवड्याला दोन-तीन तास. लोकांच्या तब्येतीत खरोखर फरक पडेल असं यांच्याकडून काय करून घेता येईल? आणि जी निव्वळ सर्टिफिकेटसाठी येतात त्यांचं काय करू? ‘जनजागृती रॅली’ सुचवू नका. ती झालीय.

---

सुरसागर_कट्टा

सर, सर्वरोगनिदान कॅम्प घ्या. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, डोळे. ओळखीचे डॉक्टर येतात, औषधं कंपन्यांचे एमआर देतात, मुलं नावनोंदणीला बसतात. एका रविवारी तीनशे लोक तपासून होतात. शेवटी बडोदा हे सयाजीरावांचं गाव आहे. ज्या राजाने १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आजव्याचा तलाव बांधून शहराला नळाचं पाणी दिलं, त्याच्या शहरात एवढं तर व्हायलाच हवं.

---

निवृत्त_नर्सबेन

सयाजीराव काढल्याशिवाय आपला बडोदेकरांचा एकही धागा पुढे सरकत नाही. असो, माझंही बालपण त्यांच्याच पुतळ्याखाली गेलंय.

सर, मी महानगरपालिका हद्दीत आणि त्याआधी तालुक्याला आरोग्य कार्यकर्ती होते. कॅम्प पुष्कळ केले. मांडव, टेबलं, वर पंखा, पाहुण्यांना फाफडा-जलेबी. बाईच्या बोटाला सुई टोचायची, ‘बेन, लोही ओछुं छे’ सांगायचं, गोळ्यांची पट्टी हातात द्यायची आणि पुढची बोलवायची. रक्त कमी आहे हे तिला डोक्यावर विटा घेऊन तिसरा मजला चढताना आधीच कळलेलं असतं. कॅम्प वाईट नाही, पण अडतं ते कॅम्पच्या दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी तिथे कुणी नसतं.

निवृत्तीनंतर मी ओळखीतल्या काही कॉलेजच्या मुलांबरोबर एका वस्तीत जाते. एकच उदाहरण देते, त्यात तुमच्या मुलांना जागा कुठे आहे ते तुम्हालाच दिसेल.

दाहोदकडची एक बाई, तिशीच्या आतली, महिनाभराहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप. नाक्यावर आठच्या आत उभं राहिलं नाही तर मुकादम दुसरीला घेऊन जातो. सरकारी दवाखान्यात केसपेपरची खिडकी उघडेपर्यंत नाका उठलेला असतो. तपास फुकट, औषध फुकट, पण पाय ठेवायचा म्हणजे त्या दिवसाची दाडी, म्हणजे मजुरी, गेली. बरं, एका दिवसात काम होईल तर तेही नाही. केसपेपर एका इमारतीत, डॉक्टर दुसऱ्या, बेडख्याची डबी तिसरीकडे, आणि एक नमुना सकाळचा हवा म्हणून उद्या परत या. पाट्या सगळ्या आहेत हो, गुजरातीत आहेत, इंग्रजीत आहेत. हिला दोन्ही सारख्याच. एकदा ती एकटी जाऊन आली होती. चुकीच्या रांगेत उभी राहिली, नंबर आला तेव्हा ‘ए बाजू जाओ’ ऐकून घरी परतली. तो केसपेपर तिने बांगड्यांच्या डब्यात घडी घालून ठेवला होता. आम्हाला काढून दाखवला, जणू तो दाखवला की औषध मिळतं.

एसवाय बी.ए.च्या दोन मुली तिच्याबरोबर गेल्या. एकीने आधी जाऊन रांग धरली, दुसरीने बाईला नेमक्या वेळी नेमक्या खिडकीशी आणलं. दुसऱ्या दिवसाची डबी घराजवळच्या अर्बन हेल्थ सेंटरला देता येते हे त्यांनीच विचारून काढलं. मोठ्या दवाखान्याची दुसरी फेरी वाचली, म्हणजे एक दाडी वाचली. टीबी निघाला. सहा महिन्यांची औषधं सुरू झाली.

आता पुढचं ऐका, कारण तुम्ही कॉमर्सचे. टीबीच्या पेशंटला औषध चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेचे पैसे खात्यात येतात. आधी महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. हिचे येईनात. सगळे म्हणायचे ‘आवशे, आवशे’, येतील, येतील. बी.कॉम.चा एक पोरगा पासबुक घेऊन बसला. पासबुक देना बँकेचं. ती १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली, पुढे जुने आयएफएससी कोड बंद झाले, आणि नोंद करताना कुणीतरी पासबुकावरचा जुनाच कोड उतरवला होता. पोराने नवीन कोड काढला, बाईला घेऊन बँकेत गेला, खातं निष्क्रिय झालं होतं ते केवायसी करून चालू करून घेतलं, आणि टीबीच्या सुपरवायझरकडून दुरुस्ती करवली. मागच्या महिन्यांचे पैसेसुद्धा आले. तिने पहिल्यांदा घेतले ते अंडी आणि शेंगदाणे. एवढ्या वर्षांत मला आयएफएससीचं कधी सुचलं नसतं. ते डॉक्टरलाही सुचणार नाही. तुमच्या एफवायच्या मुलाला सुचेल.

आता व्यवस्था कशी लावायची ते. दोघा-दोघांची जोडी करा आणि प्रत्येक जोडीला आठ-दहा घरं द्या. दोन वर्षं तीच घरं. एनएसएसचे वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४० असतात ना, ते इथे लावा. सेमिस्टर बदलला की घर बदललं असं करू नका. फॉर्म नको, वही ठेवा, आणि वहीत एकच गोष्ट लिहा, काय अडलंय. गरोदर बाईचं ममता कार्ड गावी राहिलंय. म्हाताऱ्याची बीपीची गोळी संपली आणि आणायला कुणी नाही. आयुष्मान कार्ड निघत नाही कारण ओटीपी येतो तो फोन नवऱ्याजवळ आणि नवरा साइटवर. तो संध्याकाळी सातला येतो, तर पोरांनी सातला जावं. दुपारी अकराला आमच्यासारखे सरकारी लोक जातात आणि ‘घर बंद’ लिहून येतात.

आशाबेनला, म्हणजे वस्तीतल्या आशा कार्यकर्तीला, पहिल्या दिवशी भेटा. हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. तिला मोबदला कामागणिक मिळतो. तुमच्या मुलांनी हौसेने गरोदर बाईला थेट दवाखान्यात नेलं आणि नोंद आशाबेनच्या नावावर झाली नाही, तर तिचे पैसे बुडतात आणि उद्यापासून ती तुम्हाला वस्तीत टिकू देणार नाही. बरोबरच आहे तिचं.

औषधाबद्दल मुलांनी तोंड उघडायचं नाही. ‘माझ्या आजीला याने बरं वाटलं’ हेसुद्धा नाही. कुणाला काय आजार आहे हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाता कामा नये, आणि लोकांचे फोटोही नकोत.

आणि होळी. इथे जे दाहोदच्या बाजूचे लोक ओळखतात त्यांना लगेच कळेल. होळीच्या आधी आठवडाभर वस्ती अर्धी रिकामी होते. कामं सोडून सगळे गावी, मेळे उरकल्याशिवाय कुणी परत येत नाही. टीबीच्या गोळ्या नेमक्या तेव्हा तुटतात. होळीच्या पंधरा दिवस आधी मुलांनी घरोघर जाऊन फक्त एवढी यादी करायची, कोण कोणती गोळी घेतंय आणि कुठल्या गावाला जाणार. ती यादी सेंटरवर दिली की पुरेल एवढं औषध बरोबर देता येतं, जास्त दिवस राहणार असतील तर पेशंटची नोंद तिकडच्या दवाखान्याला वळवता येते. एका संध्याकाळचं काम आहे. पण त्या वेळी तुमच्या अंतर्गत परीक्षा असतात, हो ना?

---

पीएसएम_रेसिडेंट

नर्सबेन, तुमचा रिप्लाय आमच्या विभागातल्या नोटीसबोर्डवर लावावा असा आहे. मी नागपूरचा, सध्या गुजरातमध्ये कम्युनिटी मेडिसिनला पीजी करतोय.

रक्ताबद्दल थोडी भर घालतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातमधल्या १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के बायकांना अॅनिमिया निघाला. त्याआधीच्या पाहणीत ५४.९ टक्के होता. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तर जवळजवळ ८० टक्के. राज्य श्रीमंत आहे, रस्ते चांगले आहेत, तरी आकडा हा. आणि ही सरासरी आहे. अलकापुरीसारख्या श्रीमंत भागातली बाई आणि सरांच्या वस्तीतली बाई एकाच आकड्यात बसवलेल्या.

कॅम्पात हिमोग्लोबिन मोजून तो आकडा हलत नाही. लोहाची गोळी काही महिने सलग घ्यावी लागते. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. पहिल्या आठवड्यात मळमळतं, शौचाला काळं होतं, बाई घाबरते आणि पट्टी फळीवर ठेवून देते. चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही, आणि आपल्याकडे गोळी चहाबरोबरच घेतात. हे सगळं नर्सने सांगितलेलं असतं, पण एकदाच, गर्दीत. आठव्या दिवशी घरी जाऊन ‘काकी, चालू आहे ना?’ विचारणारं कुणी असलं तर गोळ्या संपतात. एवढं विचारण्यासाठी एमबीबीएस लागत नाही. त्रास होत असेल तर आशाबेनला कळवायचं, बास.

आयुष्मान कार्डाबद्दलही लोकांचा मोठा गैरसमज आहे. गुजरातमध्ये जुलै २०२३ पासून कुटुंबाला वर्षाला दहा लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते भरती झाल्यावर. खोकला, ताप, मधुमेहाची रोजची गोळी, बाहेरून करून आणायची तपासणी, रिक्षा, बुडालेली मजुरी, यातलं काहीच त्यात येत नाही. गरिबाचे पैसे बहुतेक तिथेच जातात.

आम्हाला परीक्षेत ‘आरोग्याचे सामाजिक निर्धारक’ दहा मार्कांना येतात. मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला अहवाल दिला, वगैरे मुलं घडाघडा लिहितात. बांगड्यांच्या डब्यातला केसपेपर कुणी लिहीत नाही.

सर, एक सुचवतो. एमबीबीएसच्या मुलांना आता पहिल्या वर्षापासून कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे, काही कुटुंबं ठरवून देतात आणि पुढची वर्षं त्यांच्याकडे जात राहायचं असतं. मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (म्हणजे कम्युनिटी मेडिसिन) विभागाशी बोलून बघा. आमच्या मुलांना बीपी मोजता येतं पण बँकेचा फॉर्म बघून घाम फुटतो. तुमच्या मुलांचं उलटं. जोडी छान जमेल.

---

सातपुड्याचा

मी वाचत होतो फक्त, पण एक राहवत नाही म्हणून लिहितो. मी धडगावचा, पावरा. बारावीपर्यंत नंदुरबारला, आता बडोद्यात होस्टेलवर राहून एम.ए. करतोय.

सर, तुम्ही लिहिलंय ‘मुलांना वस्तीत नेतो’. तुमच्या वर्गात त्या वस्तीतलीच मुलं असतील. कदाचित तुम्हाला माहीत नसेल कारण ती सांगत नाहीत. मीही पहिल्या वर्षी सांगत नव्हतो. कॉलेजचं एनएसएस एका पाड्यावर गेलं होतं, ‘आदिवासींच्या समस्या’ असा फॉर्म होता, आणि मी तो एका म्हाताऱ्याला विचारत होतो जो माझ्या आजोबांसारखा बोलत होता. प्रश्न गुजरातीत, तो भिलीत उत्तर देतोय, बरोबरचा मित्र ‘माहिती नाही’ वर टिक करतोय. माहिती सगळी होती त्याला. प्रश्न कळत नव्हता.

दाहोदकडची बोली, राठवी, आमची पावरी वेगळ्या आहेत, पण मला त्यांचं समजतं आणि त्यांना माझं. वर्गात विचारून बघा, घरी काय बोलता. ज्याच्या घरी बोली आहे त्याला जोडीत घ्या. मात्र सगळ्यांसमोर उभं करून विचारू नका. एकेकट्याला विचारा.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल एक लिहायचं आहे, कारण आमच्या पट्ट्यात, नंदुरबारपासून नर्मदा, छोटा उदेपूर, दाहोदपर्यंत हा आहे आणि वस्तीतही असणार. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. तपासणी जोरात चालू आहे. कार्ड मिळतं. पण कार्डावर जे लिहिलंय त्याचा अर्थ घरी कुणी सांगत नाही. माझ्या चुलत बहिणीला ‘वाहक’ निघालं. वाहक म्हणजे आजारी नव्हे, तिला काही होणार नाही. नवराही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल पूर्ण आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. पण गावात बातमी अशी पोचली की मुलीला सिकल आहे, आणि ठरलेलं लग्न मोडलं. म्हणून नर्सबेन म्हणतात ते व्हॉट्सअॅपचं फार महत्त्वाचं आहे. मुलांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा.

होस्टेलवर आमच्याच एका मित्राला सिकलसेल आहे. थंडीत, किंवा पाणी कमी प्यायला की हाडं दुखतात, इतकी की तो उशी चावतो. कुणीतरी त्याला नाटकी म्हणालं होतं. त्याची अटेंडन्स कमी भरली. आता खोलीतले आम्ही त्याला रात्री पाण्याची बाटली भरून देतो, दुखणं सुरू झालं की कुठल्या दवाखान्यात कुणाला विचारायचं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याच्या कागदांची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. सर, विषमता बघायला विश्वामित्रीपर्यंत जायचं कारण नाही, होस्टेलही चालेल.

आणि होळीला आम्ही पण नसतो हां. यादी होळीच्या आधी करून घ्या.

---

राजवाडा_इंदूर

बडोद्याच्या धाग्यात इंदूरची लुडबुड. पॅट्रिक गेडिस म्हणून स्कॉटिश नगररचनाकार होते, होळकर दरबाराने त्यांना बोलावलं होतं. १९१७ च्या दिवाळीला, शहरात प्लेगची भीती असताना, त्यांनी इंदूरमध्ये मोठी मिरवणूक काढली. तीत प्लेगचा अक्राळविक्राळ उंदीर होता. पण खरी गंमत मार्गाची होती. जो रस्ता, जो मोहल्ला सगळ्यात जास्त साफ करेल त्या रस्त्याने मिरवणूक जाणार असं आधीच जाहीर केलं. लोकांनी घरं झाडून, रंगवून काढली.

सरांच्या कपाटाशी याचा संबंध असा की मान कुठे जातो त्यावर बरंच ठरतं. तुमचे अहवाल कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये सादर होतात, हारतुरे तिथे. तेच सादरीकरण वस्तीच्या चौकात, संध्याकाळी, त्या लोकांसमोर होऊ द्या. ‘गेल्या वर्षी तुम्ही हे सांगितलंत, त्यातलं एवढं झालं, एवढं राहिलं.’ भाकरी थापणाऱ्या त्या बाई समोर बसल्या असतील तर मुलं आकडे नीट तपासून येतील याची खात्री देतो.

---

निवृत्त_नर्सबेन

इंदूरकर, मिरवणूक एका दिवसाची, पण चौकात वाचून दाखवायचं पटलं. आमच्याकडे मी हे करून बघणार. सातपुड्याच्या भावा, तुझ्या मित्राला म्हणावं, कॉलेजच्या अटेंडन्ससाठी दवाखान्याचं सर्टिफिकेट दरवेळी वेगळं काढत बसू नकोस, निदानाच्या कागदासह एकदाच प्राचार्यांना लेखी अर्ज दे. तूच लिहून दे त्याला.

---

दांडियाबझारकर

सगळ्यांचे आभार. अपेक्षेपेक्षा फारच जास्त मिळालं.

जुने अहवाल काढून बसलो. तीन वर्षांच्या अहवालांत ‘पिण्याच्या पाण्याला वास येतो’ हे एकाच गल्लीतल्या लोकांनी सांगितलंय. आम्ही त्याचा पाय चार्ट केला होता. आज दोन मुलांना महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार आणि तिचा नंबर आणायला पाठवतोय. चौकात सांगायला निदान एक गोष्ट हातात असेल.

अडचणी दोन. पहिली, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी जिओटॅग केलेले फोटो लागतात. विस्तार कार्य असं म्हटलं की फोटो, फोटो म्हटलं की लाभार्थी हवा, आणि तुम्ही म्हणता फोटो नको. दुसरी, सर्टिफिकेटवाली मुलं. चाळीसातली पंधरा तरी तशी आहेत. ती घरोघर गेली तर कंटाळा तोंडावर दिसतो, लोकांना कळतो.

होळीच्या यादीसाठी अंतर्गत परीक्षा चार दिवस मागे घ्यायला विभागप्रमुखांना विचारलंय. ‘होळीसाठी?’ म्हणाले. हो म्हटलं.

---

निवृत्त_नर्सबेन

फोटो मुलांचा काढा ना सर. रांगेत उभी असलेली, बँकेत फॉर्म भरत असलेली, पाठमोरी. नॅकला जागा आणि तारीख हवी असते, बाईचा चेहरा हवा असं कुठे लिहिलंय?

सर्टिफिकेटवाली पंधरा मुलं मला द्या, माझं कायम अडतं. त्यांना घरोघर पाठवू नका. एकाने अर्बन हेल्थ सेंटरचे डॉक्टर कुठल्या दिवशी किती वाजता असतात ते रोज बघून लिहायचं. बोर्डावर असतं ते नव्हे, प्रत्यक्ष. दोघांनी मोठ्या दवाखान्यात कुठली खिडकी कुठे आणि कधी उघडते याचा कागद करायचा, चित्रांचा, बाणांचा, अक्षर न वाचता कळेल असा. कुणी बांधकाम कामगारांच्या नोंदणीला काय काय लागतं ते काढायचं, वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नाक्यावरच्या माणसाला तो कोण देणार, तिथेच गाडी अडते. हिशेबी पोरं अशा कामात बरी रमतात. त्यातली दोन-चार आपसूक घरांकडे वळतात, नाही वळली तरी कागद तयार होतो.

पुढच्या बुधवारी तुमच्या वस्तीच्या आंगणवाडीत ममता दिवस असेल, लसी आणि गरोदर बायकांची तपासणी. मी तुमच्या आशाबेनला ओळखत नाही, पण तिथल्या नर्सबेनला ओळखते, फोन करून ठेवते. दहाला या. चाळीस मुलं आणू नका, बस भरून आली की बायका आतच येत नाहीत. चार आणा, त्यात बोली येणारा एक असू दे, आणि बॅनर कॉलेजातच राहू द्या.